इंग्रजी घेऊन एम. ए. करायचे म्हणजे काय करायचे?

बी. ए. चा निकाल लागला आणि पुढे इंग्रजी घेऊन एम. ए. करण्याचा विचार एखाद्याने घरी बोलून दाखविला, की दोन प्रकारची मते हमखास ऐकावयास मिळतात. एक मत असे, की 'बरे झाले, आता इंग्रजी फाडफाड बोलता येईल, नोकरीची चिंता मिटली.' दुसरे असे, की 'मराठी माध्यमात शिकलेल्यांनी या भानगडीत पडू नये, ते कॉन्व्हेंटच्या मुलांचे काम.' दोन्ही मते देणारी माणसे आपल्या हिताचीच असतात. तथापि दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. इंग्रजीचे एम. ए. म्हणजे इंग्रजी बोलावयास शिकविणारा एक मोठा वर्ग, असे दोघेही धरून चालतात. या गैरसमजापायी कितीतरी विद्यार्थी भलत्याच अपेक्षेने येतात आणि दोन वर्षे सारांश पाठ करून पदवी घेऊन जातात. उलट, ज्यांनी खरोखर यावयास हवे असे कित्येक जण दारातूनच परत फिरतात. म्हणून हा विषय आला कोठून, त्यात नेमके काय करावे लागते आणि मराठी विद्यार्थ्याचे त्यात स्थान काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

विषयाचा जन्म

इंग्रजी वाङ्मय हा विद्यापीठीय विषय इंग्लंडात पूर्वापार चालत आला असावा आणि तेथून तो तयार स्थितीत आपल्याकडे आला असावा, असे आपण सहजच समजतो. वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या फार मोठ्या भागात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे वाङ्मयाचा अभ्यास म्हणजे ग्रीक आणि लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ पासून इंग्रजीचे प्राध्यापकपद होते हे खरे. परंतु ऑक्सफर्डला इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ मध्ये सुरू झाला, आणि केंब्रिजला त्यासाठी १९१७ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे काय झाले? १८१३ च्या सनदी कायद्याने दरसाल एक लाख रुपये शिक्षणासाठी बाजूला ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर आली. हा पैसा संस्कृत-फारसीवर खर्चावा की इंग्रजीवर, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५ रोजी लिहिले आणि पुढच्याच महिन्यात बेंटिंकच्या सरकारने इंग्रजीच्या बाजूने कौल दिला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली, तेव्हा इंग्रजी वाङ्मय त्यांच्या अभ्यासक्रमात होतेच. म्हणजे मुंबईचा विद्यार्थी इंग्रज कवींवरील प्रश्नपत्रिका सोडवीत होता, तेव्हा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला हा विषयच नव्हता! कवी वर्डस्वर्थचा नातू, त्याचेही नाव विल्यम वर्डस्वर्थच, आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य होता.

यामागे निव्वळ वाङ्मयप्रेम होते असे नाही. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या ग्रंथात दाखविले आहे, की सरकारला येथे उघडपणे बायबल शिकविणे अडचणीचे होते. कारण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण होते. तेव्हा जे नैतिक वळण धर्मग्रंथाने लावावयाचे, ते इंग्रजी काव्य-नाटकांनी लावावे, असा विचार पुढे आला. त्याच काळात मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी बाहेर पडली आणि तिला परत आत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने हा इतिहास प्रथम जाणून घ्यावा. तो कळला, की आपण कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलो आहोत, ही दबलेली भावना जाते. या विषयाच्या घडणीत आपल्या प्रांताचा वाटा पहिल्यापासूनच आहे.

वाङ्मय : वाचण्याचे शिक्षण

एम. ए. च्या अभ्यासाचे साधारण तीन भाग पडतात : वाङ्मय, भाषा आणि संस्कृती. विद्यापीठागणिक पेपरांची नावे आणि मांडणी बदलते. पण हे तीन धागे कोठेही सापडतात.

वाङ्मयाच्या भागात चॉसर, शेक्सपिअरपासून आजपर्यंतचे काव्य, नाटक व कादंबरी येते. ॲरिस्टॉटलपासूनची समीक्षा येते. अमेरिकन, आफ्रिकन आणि भारतीय इंग्रजी लेखन येते. यादी पाहिली की छाती दडपते. परंतु एम. ए. ची खरी परीक्षा यादीतील पुस्तकांच्या संख्येत नसते. एक पान समोर आले असता ते आपल्याला वाचता येते का, ही ती परीक्षा होय.

या संदर्भात आय. ए. रिचर्ड्‌स यांचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंब्रिजला शिकवीत असताना त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ न सांगता काही कविता दिल्या आणि त्यांवरील मते लिहून मागविली. त्यांपैकी १३ कवितांवरच्या मतांची चिकित्सा त्यांनी १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात केली. निष्कर्ष धक्कादायक होता. नाव झाकताच नामांकित कवींच्या कविता टाकाऊ ठरल्या आणि सामान्य कविता डोक्यावर घेतल्या गेल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाचकांच्या अडचणींची जी यादी रिचर्ड्‌स यांनी केली, तिच्यात पहिली अडचण होती ती कवितेचा साधा, सरळ अर्थ न लागण्याची. दुसऱ्या काही अडचणी म्हणजे शब्द दिसताच ठरीव भावना उचंबळून येणे, आणि कवितेऐवजी स्वतःच्याच आठवणींत हरवणे.

ही मुले जन्माने इंग्रजी बोलणारी होती आणि देशातील उत्तम विद्यापीठात शिकत होती. यावरून भाषा बोलता येणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध होते. जो विद्यार्थी प्रत्येक शब्दापाशी थांबतो, कोश उघडतो, वाक्याचा कर्ता आणि क्रियापद शोधतो, तो मागे पडला असे समजण्याचे कारण नाही. रिचर्ड्‌स यांच्या विद्यार्थ्यांना जे थांबणे जमले नाही, ते परकी भाषा म्हणून त्याला आपोआप करावे लागते. या थांबण्याचीच पुढे सवय होते आणि तिलाच आपण सूक्ष्म वाचन म्हणतो.

भाषा : कानांचे शिक्षण

भाषेच्या भागाला आपले विद्यार्थी सर्वांत अधिक घाबरतात. ध्वनिशास्त्राच्या चिन्हांनी ते गांगरतात. वस्तुतः येथे मराठी विद्यार्थ्याला भरपूर साहित्य घरातच मिळते.

आपण इंग्रजी स्पेलिंगला नावे ठेवतो. लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे, अशी आपली तक्रार असते. आता मराठीतील 'जग' हा शब्द पाहा. 'साऱ्या जगात' म्हणताना आपण 'ज' चा जो उच्चार करतो, तो 'पाण्याचा जग' म्हणताना करीत नाही. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' कारही असेच भिन्न आहेत. अक्षर एक, ध्वनी दोन. आणि लहान मूलही त्यांत घोटाळा करीत नाही. लिपी आणि ध्वनी या निराळ्या गोष्टी आहेत, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा येथेच मिळतो.

दुसरे उदाहरण घ्या. मराठीत 'पळ' आणि 'फळ' हे दोन शब्द केवळ श्वासाच्या झोताने वेगळे होतात. म्हणून आपल्याला 'प' आणि 'फ' हे दोन स्वतंत्र वर्ण वाटतात. इंग्रज माणूस 'पिन' म्हणताना सुरुवातीच्या 'प' नंतर श्वास सोडतो, पण 'स्पिन' म्हणताना सोडत नाही. आणि असा फरक आपण करतो याचा त्याला पत्ताही नसतो, कारण त्याच्या भाषेत त्या फरकाने अर्थ बदलत नाही. आपण 'पिन' हा शब्द श्वास न सोडता उच्चारतो, तेव्हा इंग्रज कानाला तो कधीकधी 'बिन' सारखा ऐकू येतो. वर्ण आणि त्याची उपरूपे म्हणजे काय, हे पुस्तकातील व्याख्येपेक्षा या एका उदाहरणाने लवकर कळते. उलट, त्यांचे दोन निराळे ध्वनी आपण एकाच 'व' मध्ये कोंबतो. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' आणि अंगात घालायचा 'व्हेस्ट' आपल्या तोंडून पुष्कळदा एकच निघतात. दोन्ही बाजूंना कान आणि जीभ आपापल्या भाषेचे बांधलेले असतात, यात कमीपणा कोणाचाच नाही.

इतिहासाकडे वळले तर आणखी मौज आहे. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे जे भाषण केले, त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. योगायोग असा, की त्या भाषणाची तारीखही २ फेब्रुवारीच होती, साल १७८६. पुढे याकोब ग्रिम यांनी इंग्रजी-जर्मन कुळातील व्यंजनांच्या बदलांचे नियम १८२२ मध्ये मांडले. संस्कृत 'प' च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो, हा त्यांपैकी एक. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह या जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. 'पाच' म्हणणारा आणि 'फाइव्ह' म्हणणारा हे भाषेच्या दृष्टीने दूरचे भाऊबंद आहेत. ज्या इंग्रजीला आपण परकी म्हणून भितो, तिच्याशी आपले नाते असे फार जुने निघते.

संस्कृती : पुस्तकामागील घर

तिसरा धागा संस्कृतीचा. एखादे पुस्तक कोणत्या समाजात, कोणाच्या पैशावर आणि कोणाकडे पाठ फिरवून लिहिले गेले, हे प्रश्न आता इंग्रजीच्या अभ्यासात मध्यवर्ती झाले आहेत. रेमंड विल्यम्स यांचे 'कल्चर अँड सोसायटी' १९५८ मध्ये निघाले, बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र १९६४ मध्ये स्थापन झाले आणि एडवर्ड सैद यांचे 'ओरिएंटॅलिझम' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर वाङ्मय एकटे, अधांतरी वाचणे कठीण झाले.

याचे सोपे उदाहरण शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन एअर' (१८४७) या कादंबरीत आहे. अनाथ, स्वाभिमानी जेनची ही कथा वाचताना आपण तिच्या बाजूने उभे राहतो. नायकाची पहिली बायको बर्था वेडी आहे आणि वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. ती जमेकाची. कादंबरीत ती ओरडते, चावते, आग लावते. पण तिची बाजू आपल्याला कधीच ऐकू येत नाही. शंभराहून अधिक वर्षांनी डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी १९६६ मध्ये 'वाइड सरगॅसो सी' ही कादंबरी लिहून त्या कोंडलेल्या बाईला तोंड दिले. दोन्ही कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या, की पहिलीचा थोरपणा कमी होत नाही. पण तिच्यातील माडीचे बंद दार आता आपल्याला दिसू लागते. चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या एका व्याख्यानात जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' वर घेतलेला आक्षेपही याच जातीचा होता : आफ्रिकेच्या कथेत आफ्रिकी माणूसच नाही, केवळ अंधार आहे.

१९६८ साली तर नैरोबी विद्यापीठात न्गूगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करावा, अशी सूचना मांडली. इंग्रजी वाङ्मय शिकवूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. केंद्रस्थानी आपले वाङ्मय असावे आणि तेथून बाहेरच्या जगाकडे पाहावे, हे त्यांचे सूत्र होते. न्गूगी पुढे स्वतः आपल्या गिकुयू भाषेत लिहू लागले. हा प्रश्न त्यांच्याइतकाच आपलाही आहे.

मराठीचे भांडवल

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर कोणी घोषणेने दिले नाही. पण कृतीने अनेकांनी दिले. आगरकरांनी 'हॅम्लेट' चे 'विकारविलसित' हे मराठी रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी 'किंग लिअर' मराठीत आणले, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठी वाचकाला समजावून दिले, आणि कविता लिहिली ती मराठीत. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. त्यांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मराठीत आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत. भालचंद्र नेमाडे यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकविले आणि देशीपणाचा आग्रह मराठीत धरला. गणेश देवी बडोद्यास इंग्रजीचे प्राध्यापक होते; आपण आपली भाषिक परंपरा कशी विसरलो, याची चिकित्सा त्यांनी 'आफ्टर ॲम्नेशिया' (१९९२) मध्ये केली. या सर्वांनी इंग्रजीचा कसून अभ्यास केला आणि त्या अभ्यासाने त्यांची मराठी दुबळी झाली नाही.

आज तर मराठी पुस्तके इंग्रजी रूपात या अभ्यासक्रमाच्या कक्षेत आली आहेत. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) हे आत्मकथन माया पंडित यांनी इंग्रजीत नेले. ते 'द वीव्ह ऑफ माय लाइफ' या नावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ नावांची तुलना करून पाहावी. 'आयदान' म्हटले, की बांबूच्या विणलेल्या वस्तू, कोकणातील एक विशिष्ट काम, ते करणाऱ्या आईचे हात आणि त्या कामाला चिकटलेली जात, हे सारे एका शब्दात येते. इंग्रजी नावात विणणे राहिले आणि ते आयुष्याच्या रूपकात गेले. जगभरच्या वाचकाला ते लगेच पोहोचते. काय मिळाले आणि काय मागे राहिले, याचा हिशेब परदेशी विद्यापीठातील विद्यार्थ्याला टिपांच्या आधाराने मांडावा लागतो. आपल्या गावाकडच्या विद्यार्थ्याला तो मुळातून मांडता येतो. प्रबंधिकेसाठी विषय सुचत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी अशा जोड्या शोधाव्यात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ चीच आहे, त्या वेळी हाताशी असू द्यावा.

पदवी आणि पोट

आता व्यवहाराचे दोन शब्द. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. दोन वर्षांचे, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचे असते. संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्प यांना आता पूर्वीपेक्षा अधिक वजन आहे, तेव्हा स्वतः लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. महाविद्यालयात प्राध्यापक व्हावयाचे तर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. कनिष्ठ महाविद्यालयासाठी बी. एड. हवे. कायम जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारे प्राध्यापक आपण सर्वच पाहतो. हे लपवून ठेवणे विद्यार्थ्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्राध्यापकी एवढेच ध्येय असेल, तर पर्याय हाताशी ठेवूनच पाऊल टाकावे. भाषांतर, संपादन, प्रकाशन, चित्रपटांची उपशीर्षके, पत्रकारिता आणि स्पर्धा परीक्षा या ठिकाणी जे कौशल्य लागते, ते मात्र याच अभ्यासात तयार होते. अट एवढीच, की अभ्यास खरोखर केलेला असावा.

येथेच सारे अडते. पूर्वी गाइडे होती. आता मोबाइलवर बोट ठेवले की कोणत्याही कादंबरीचा सारांश क्षणात पुढे येतो, आणि यंत्राकडून अख्खा निबंधही लिहून मिळतो. पण सारांशाने परीक्षा पार पडली, तरी 'जेन एअर' मधले बंद दार दिसत नाही आणि 'आयदान' मधले हात दिसत नाहीत. म्हणून एक साधा नियम पाळावा. आधी मूळ पुस्तक वाचावे, मग स्वतःचे एक पान लिहावे, वाटल्यास प्रथम मराठीत. टीकाकार त्यानंतर उघडावेत. जुनी पुस्तके विकत घेणे परवडत नसेल, तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती विनामूल्य मिळतात. महिन्याला एक पुस्तक असे पुरे वाचले, तरी दोन वर्षांत चोवीस पुस्तके होतात, आणि चोवीस पुस्तके मुळातून वाचलेला विद्यार्थी कोणत्याही मुलाखतीत उठून दिसतो.

यंदा प्रवेश घेण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी आपले इंग्रजी बोलणे कसे आहे, याची चिंता तूर्त बाजूला ठेवावी. ग्रंथालयात जावे, अभ्यासक्रमातील कोणतीही एक कादंबरी काढावी आणि कोश शेजारी घेऊन तिची पहिली वीस पाने सावकाश वाचावीत. एकविसावे पान उलटण्याची इच्छा झाली, तर खुशाल अर्ज भरावा. बाकीचे शिकता येते.